सतरा नंबरचा फॉर्म भरण्याआधी

दहावी करायची म्हणतेस, तर पुस्तक उघडण्याआधी माझं ऐक. माझी हयात शाळेत गेली, आणि शेवटची बरीच वर्षं बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांची कामं माझ्याकडेच होती. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. दहावी जितकी अभ्यासाने होते, तितकीच कागदांनी होते. अभ्यासात कमी पडलेली बाई जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा बसू शकते. कागदात अडकलेली बाई अख्खं वर्ष घालवते, आणि संसारी बाईचं एक वर्ष गेलं की पुढच्या वर्षी घर तिला मोकळं सोडेलच असं नाही. म्हणून आधी कागद, मग बीजगणित.

राज्य मंडळाची अट ऐकून तुला धीर येईल. खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं तर पाचवी पास असावं लागतं आणि वयाची १४ वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. वयाला वरची मर्यादा नाही. तू तर आठवी पास होऊन नववीत गेली होतीस. वहिनी, म्हणजे तुझी आई, आजारी पडली, धाकटी भावंडं तुझ्या अंगावर आली आणि शाळा सुटली. तुझी अक्कल कमी पडली म्हणून ती सुटली नव्हती, हे मी तेव्हाही सांगत होते.

पहिला कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. दादाच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, जुन्या ट्रंकेत सापडला तर उत्तम. नाही सापडला तर तडक शाळेत जा. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपून ठेवावं लागतं. त्यात तुझं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सगळं असतं, आणि त्यावरून दुय्यम दाखला मिळतो. जाताना कोणत्या साली दाखल झालीस आणि कोणत्या साली सोडलीस ते लिहून ने, म्हणजे कारकुनाला दहा रजिस्टरं काढावी लागणार नाहीत आणि तुला 'पुढच्या आठवड्यात या' ऐकावं लागणार नाही. शाळा बंद पडली असेल किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली असेल, तर तिची दफ्तरं कुठे गेली ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कळतं. मूळ दाखला संपर्क केंद्राच्या शाळेत (ते काय, पुढे सांगते) द्यावा लागतो, तो हातचा गेला की गेला. तेव्हा आधीच त्याच्या तीन-चार झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेव.

दाखला हातात पडला की तिथेच, कचेरीच्या दारात उभी राहून वाच. घरी येऊन नाही. तुझं नाव, दादाचं नाव, आडनाव, वहिनीचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात. आकड्यात एक आणि अक्षरात दुसरी तारीख असलेले दाखले मी पाहिलेत. शाळा सुटून वर्षं लोटल्यावर रजिस्टरातली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही, त्याला महिने लागतात. पण ती आताच करून घेतलेली बरी. कारण एकदा दहावीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख छापली गेली की पुढे पासपोर्ट काढ, नोकरीला लाग, निवृत्तिवेतन घे, सगळीकडे तीच तारीख धरतात.

आता नावाचं. तुझं आधार सासरच्या नावाने आहे आणि दाखला माहेरच्या. इथे पुष्कळ बायका घाबरतात आणि दाखल्यावरचं नाव बदलायला धावतात. तसं करू नकोस. दहावीचं प्रमाणपत्र दाखल्यावरच्या नावाने मिळतं आणि ते तसंच राहू दे. माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. तुमच्या लग्नाची नोंदणी झाली नसेल तर या महिन्यात जावयांना घेऊन जा आणि ती करून टाक. जिथे तेवढ्यावर भागत नाही तिथे राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देता येते, पण ती वेळ सहसा येत नाही. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळं छापतात, हे ध्यानात ठेव. वहिनीला घरात एका नावाने हाक मारायचे आणि रेशनकार्डावर दुसरं नाव होतं. दाखल्यावर जे आहे तेच अर्जात लिही, आणि इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवलंस की सगळ्या कागदांवर तेच ठेव.

बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म आता ऑनलाइन भरतात. साधारण पावसाळ्यात मंडळ तारखा जाहीर करतं, पेपरात बातमी येते. मग विलंब शुल्काच्या तारखा येतात, कधी मुदतवाढही मिळते. मुदतवाढीच्या भरवशावर राहणाऱ्यांची गर्दी शेवटच्या दिवशी असते आणि त्याच दिवशी संकेतस्थळ हळू चालतं. पहिल्या पंधरवड्यात भरून मोकळी हो. सायबर कॅफेत भरून घेतलास तरी मोबाइल क्रमांक तुझा दे, ईमेल तुझा दे. दुकानदार सोयीसाठी स्वतःचा क्रमांक घालतो, आणि पुढे सगळे निरोप त्याच्या मोबाइलवर येऊन पडतात. अर्जाची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि अर्ज क्रमांक एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात वरच्या फळीवर ठेव, पोरांच्या हाताला लागणार नाही असा.

यानंतर जे सांगते ते दोनदा ऐक. हा फॉर्म म्हणजे नावनोंदणी. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो. नावनोंदणी प्रमाणपत्र मिळालं की काही काळाने परीक्षेचा अर्ज संपर्क केंद्रामार्फत भरायचा, त्याचं शुल्क वेगळं. प्रमाणपत्र हातात आलं, आपलं काम झालं, असं समजून घरी बसलेल्या आणि फेब्रुवारीत हॉल तिकीट मागायला आलेल्या बायकांना मला रिकाम्या हाताने परत पाठवावं लागलं आहे. त्यांची तोंडं अजून आठवतात. दिवाळीच्या आसपास दर आठवड्याला केंद्रात फोन कर. कंटाळून का होईना, ते तुला सांगतील. पुढे छपाईआधीची यादी, प्री-लिस्ट म्हणतात ती, तपासायला मिळते. तुझ्या नावाचं एकेक अक्षर, विषयांचे क्रमांक, माध्यम, सगळं बघ आणि मगच सही कर.

संपर्क केंद्र म्हणजे यादीतली एक शाळा, अर्ज भरताना निवडायची. मराठी माध्यमाची, आणि तुझ्या घरापासून चालत जाता येईल अशी निवड. नामांकित शाळा पाहून लांबची घेऊ नकोस. तिथे तुला तोंडी परीक्षेला, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला, वह्या दाखवायला जावं लागणार. प्रत्येक विषयात २० गुण या अंतर्गत कामाचे असतात. लेखी पेपरात एकेक गुणासाठी झगडायचं आणि इथले वीस गुण न जाण्याने घालवायचे, असं होऊ देऊ नकोस. पहिल्या भेटीतच विचार: तोंडी कधी, प्रात्यक्षिक कधी, वही कोणत्या विषयाची लागते, श्रेणीच्या विषयांचं काय करायचं. ज्या शिक्षकांकडे खाजगी विद्यार्थ्यांचं काम दिलेलं असतं त्यांचं नाव आणि क्रमांक लिहून घे. आपण वयाने मोठ्या म्हणून संकोच वाटेल. तिथल्या शिक्षकांना तुझ्या वयाची विद्यार्थिनी नवी नसते, आणि चांगला शिक्षक अशा विद्यार्थिनीला जास्त जपतो.

तुझ्या जाऊबाई दुसरी वाट सुचवत होत्या, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, एनआयओएसची. तीही खरी आणि मान्यताप्राप्त वाट आहे, तिला कमी लेखू नकोस. तिथे पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी. पास व्हायला ३३ टक्के लागतात. एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षं चालतो आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक, दोन-दोन विषय करून संपवता येतात, परीक्षा मराठीतूनही देता येते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तान्हं मूल असेल, तर मी तीच वाट सांगते. पण तिथे गणित टाळून पाच विषय घेता येतात म्हणून टाळू नकोस. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकांची भरती होते, तिच्यात वेगळी परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवरच निवड होते. पण दहावीला गणित आणि इंग्रजीत पास असलेलं लागतं. गणित सोडलेल्या बाईला ते दार बंद. आयटीआयच्या काही व्यवसायांनाही गणित-विज्ञान पाहतात. तुझी पोरं आता शाळेत जातात, सासूबाई हिंडत्या-फिरत्या आहेत. तुला राज्य मंडळाची दहावी झेपेल असं मला वाटतं.

आणखी एक तिसरी वाट लोक दाखवतील. खांबावर, रिक्षाच्या मागे जाहिरात असते: घरबसल्या दहावी, परीक्षा नाही, अमुक हजार भरा, महिन्यात प्रमाणपत्र. त्या मंडळांची नावं ऐकायला सरकारी वाटतात. त्या कागदावर कुणी नोकरी देत नाही. पडताळणीला गेला की खोटा ठरतो आणि ज्याने लावला त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. परीक्षा न देता मिळणारं कोणतंही प्रमाणपत्र घरात आणू नकोस, फुकट दिलं तरी.

मुंबईतल्या तुझ्या मावसबहिणीलाही शिकायचं आहे म्हणालीस. तिला सतरा नंबरच्या मागे लागण्याआधी जवळ रात्रशाळा आहे का ते बघायला सांग. रात्रशाळेत नाव घातलं की ती नियमित विद्यार्थिनी होते, रोज शिकवायला शिक्षक असतो, सोबत आपल्यासारखी कामावरून थकून आलेली माणसं असतात. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात मजुरांसाठी, शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा राबणाऱ्याला रात्री शिकता आलं पाहिजे हे त्या दोघांनी तेव्हाच ओळखलं होतं. ज्या गावात रात्रशाळा आहे तिथे तिचा फायदा घ्यावा, नाही तर त्या एकेक करून बंद होतात.

आता पास होण्याचा हिशेब. सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांचे ८० गुणांचे पेपर, तीन तासांचे. गणिताचे दोन भाग, बीजगणित आणि भूमिती, विज्ञानाचे दोन भाग, आणि सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र एक आणि भूगोल एक. हे सगळे चाळीस-चाळीस गुणांचे, दोन तासांचे. म्हणजे लेखी पेपर नऊ. प्रत्येक विषयात ३५ हवेत. पण मंडळाने एक आधार ठेवलेला आहे, तो पुष्कळांना माहीत नसतो. तीन भाषांचे मिळून १०५ झाले आणि एकाही भाषेत २५ पेक्षा कमी नसले तरी भाषांत पास करतात. तसंच गणित आणि विज्ञान मिळून ७० झाले आणि दोन्हींत किमान २५ असले तरी चालतं. सामाजिक शास्त्रांना असा जोडीदार नाही, तिथे स्वतःचे ३५ मिळवावे लागतात.

याचा अर्थ काय, तो समजून घे. तुझी मराठी चांगली आहे. मराठीत ६० पडले तर इंग्रजीची भीती अर्ध्यावर येते. विज्ञान तुला आवडायचं. तिथे ४५ आणले तर गणितात २५ वर निभावतं. पण त्या पंचविसाच्या खाली गेलं की मराठीतले साठही वाचवत नाहीत. म्हणून जो विषय आवडतो तो रोज करायचा आणि जो नावडतो तोही रोज करायचा, भले वीस मिनिटं. नावडता विषय रविवारी सगळा एकदम करू म्हणणारीचा तो रविवार येत नाही, पाहुणे येतात.

टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात. पण पास मात्र सहाही विषयांत व्हावं लागतं. एक विषय सोडून दिला तरी चालतो, असा त्याचा अर्थ काढणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. सामान्य गणित नावाचा सोपा पर्याय पूर्वी होता, तो आता नाही. जुन्या मैत्रिणी सांगतील तो घे म्हणून.

पुस्तकं बालभारतीची घे. संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, पण मोबाइलवर वाचून दहावी होत नाही. छापील पुस्तकं स्वस्त असतात, विकत आण, आणि त्या वर्षी तीच लागू आहेत ना हे केंद्रात विचार. अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक कुणी प्रेमाने दिलेलं असलं तरी परत दे. गाईड घ्यायचं तर एकच, आणि तेही स्वाध्याय स्वतः सोडवून झाल्यावर ताडून पाहायला.

गणिताला घाबरतेस म्हणून तिथे जरा थांबते. बीजगणितात अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटीचा हिशेब आहे. तू शिवणकामाचं सामान आणतेस, पावतीवर सीजीएसटी, एसजीएसटी असं लिहिलेलं असतं ना, तेच. पुढच्या वेळी पावती आणलीस की कराची रक्कम स्वतः काढून बघ. संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन प्रकरणं समजायला सोपी, त्यांचे गुण हमखास. दोन चलांतील रेषीय समीकरणं रोज दोन सोडव. भूमितीत प्रमेयं पाठ करत बसू नकोस, आधी भौमितिक रचना कर. कंपास, पट्टी, टोकदार पेन्सिल. ब्लाउजचा कट कागदावर आखणाऱ्या बाईला वर्तुळाची स्पर्शिका काढणं अवघड नाही, नुसती हाताला सवय हवी. मग पायथागोरसचं प्रमेय, निर्देशक भूमितीतली अंतराची सूत्रं. त्रिकोणमिती शेवटी. सगळं यायला हवं असा हट्ट धरू नकोस, पण जे येतं त्यात चूक नको. गणितात पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकलं तरी सूत्र लिही, किंमती घाल, पुढे जाता येईल तेवढं जा. कोरी जागा सोडलीस तर परीक्षक मनात असूनही तुला काही देऊ शकत नाही.

इंग्रजीची प्रश्नपत्रिका आता कृतिपत्रिका असते. निम्मी-अधिक उत्तरं दिलेल्या उताऱ्यातच असतात. प्रश्नातला मुख्य शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या पुढे-मागे वाचायचं आणि ते वाक्य नीट उतरवायचं. स्पेलिंग समोर छापलेलं असतं, मग ते चुकवायचं कशाला? पत्रलेखनाचा साचा पक्का कर. रात्री धाकट्याचा इंग्रजीचा अभ्यास घेताना त्याचं पुस्तक तू मोठ्याने वाच. त्याला आपली आई वाचते याचा आनंद, आणि तुझी जीभ वळते.

विज्ञानात आकृत्या. पेन्सिलने, नावं दिलेल्या, स्वच्छ. आनुवंशिकता, आपत्ती व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य ही दुसऱ्या भागातली प्रकरणं तू गोष्टीसारखी वाचशील. पहिल्या भागात भिंगं आणि आवर्तसारणी यांना वेळ दे. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या सनावळ्या असतील असं वाटतं ना तुला? सध्याच्या पुस्तकात इतिहास कसा लिहितात, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, रंगभूमी असं सगळं आहे. राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया आहे. तू मतदान केंद्रावर रांगेत उभी राहिली आहेस, शाई लावून घेतली आहेस. नववी-दहावीच्या पोरांपेक्षा तुला ते जास्त कळतं. भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. तो पेपर नकाशावर आणि आलेखावर उभा आहे. कोरे नकाशे आण आणि ॲमेझॉन, ब्राझीलची उच्चभूमी, आपलं पठार, नद्या दर आठवड्याला एकदा भर. मोठी मुलगी आहे ना, तिला तपासायला दे. तिचाही अभ्यास होतो.

तुझ्या वयाच्या विद्यार्थिनीची खरी अडचण वेगळीच असते, आणि ती कोणत्याही गाईडमध्ये नसते. लिहायचा हात गेलेला असतो. वर्षानुवर्षं तू किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाहीस. तीन तास सलग लिहिताना मनगट भरून येतं, अक्षर ढासळतं, आणि येत असलेलं उत्तर अर्धं राहतं. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज एक पान लिही. काहीही लिही, धडा उतरवून काढलास तरी चालेल. दिवाळीनंतर दर रविवारी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडव, मध्ये उठायचं नाही.

त्यासाठी घरात वेळ मागावा लागेल, आणि तो तू मागायला हवास. पहाटे साडेचार ते सहा हा तुझा वेळ, असं सगळ्यांना एकदाच सांगून टाक. तुझ्या सासूबाई नाखूश आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्याजवळ बसून मराठीची कविता मोठ्याने वाच, अर्थ विचार. त्यांना शाळा मिळाली नाही, पण ओव्या आणि अभंग त्यांना तुझ्यापेक्षा जास्त येतात. जावयांना परीक्षेच्या तारखा कॅलेंडरवर आत्ताच लाल शाईने दाखवून ठेव. त्या आठवड्यांत लग्नाचं बोलावणं आलं तर तू जाणार नाहीस, हे आत्ता सांगितलेलं बरं. शिवणाची कामं जानेवारीनंतर घेऊ नकोस. तेवढ्या दोन महिन्यांचे पैसे आत्तापासून बाजूला टाक.

शेजारणीला ऐकू कमी येतं, तरी तिलाही तुझ्याबरोबर बसायचं आहे, असं म्हणालीस. तिला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिकही मिळतो. पण परीक्षेच्या दिवशी सांगून काही होत नाही. अर्जातच नोंद करावी लागते आणि केंद्रामार्फत मंजुरी आधी आणावी लागते.

पेपर सुरू होण्याच्या अर्धा तास आधी वर्गात असायचं. ११ चा पेपर असेल तर साडेदहाला. आदल्या दिवशी केंद्र बघून ये, परीक्षेचं केंद्र संपर्क केंद्राहून वेगळं असू शकतं. हॉल तिकिटावर शाळेचा सही-शिक्का आहे ना, फोटो तुझाच आहे ना, बघ. मोबाइल घरी ठेव. पर्समध्ये एखादी चिठ्ठी, देवाचा मंत्र लिहिलेली का असेना, ठेवू नकोस. भरारी पथकाला मंत्र आणि कॉपी यातला फरक सांगत बसायची वेळ यायला नको. बैठक क्रमांक आकड्यात आणि अक्षरात लिहिल्यावर पर्यवेक्षकाकडून पुन्हा बघून घे. बारकोडची पट्टी नीट चिकटव. आजूबाजूला पंधरा-सोळा वर्षांची पोरं असतील. त्यातलं एखादं तुला बाई समजून उभं राहील. त्याला बसायला सांग आणि आपल्या बाकावर जाऊन बस.

निकालात एखादा विषय राहिला तर रडत बसायचं नाही. पास झालेल्या विषयांची सूट मिळते, राहिलेलाच विषय पुरवणीला द्यायचा असतो. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीला प्रवेश मिळतो. गुण अगदीच अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत माग, विषयाच्या शिक्षकाकडून तपासून घे, आणि त्यांनी सांगितलं तरच पुनर्मूल्यांकनाला पैसे भर. या अर्जांची मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या दिवशीच तारखा लिहून घे.

ऑनलाइन निकाल म्हणजे गुणपत्रिका नव्हे. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र काही दिवसांनी संपर्क केंद्रात येतात, तिथे स्वतः जाऊन सही करून घे. नावात चूक दिसली तर त्याच आठवड्यात केंद्रामार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज दे. आपला विभाग कोल्हापूर, सातारा-सांगलीही त्यातच येतात. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नकोस, पुढे शिक्का मारायचा किंवा पडताळणी करायची तर अडचण होते. डिजिलॉकरवरची प्रत उतरवून ठेव. पासपोर्ट काढायचा झाला तर हेच प्रमाणपत्र लाव. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट राहत नाही, आणि आखातात कामाला जाणाऱ्यांना तिचा केवढा जाच होतो ते तुझ्या दिरांना विचार.

पुढे बारावी करायचं मनात आलं तर तीही सतरा नंबरने होते, मात्र दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर लागतं. कॉलेजात रीतसर अकरावीला गेलीस तर दोन वर्षं तशीही जातातच. कला शाखेला सकाळच्या वेळचं महाविद्यालय तुझ्या घराजवळ आहे का, ते यंदाच विचारून ठेव.